टपटप

आमच्या साखर पेठेतल्या घरात रात्री साडेदहानंतर एक आवाज सुरू होतो. पागोळ्या म्हणाव्यात, तर सोलापुरात एवढा पाऊस कुठला! उंदीर म्हणावा, तर उंदीर तालात पळत नाही. टप, टप-टप, टप. वरच्या खोलीत पुतण्या हेडफोन लावून ऑक्टोपॅड, म्हणजे रबरी चौकोनांवर काठ्या मारून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, वाजवत असतो. त्याच्या कानात म्हणे ढोलक, तबला, झांज सगळं घुमत असतं. आमच्या वाट्याला येतं ते नुसतं रबर.

जपानच्या रोलँड कंपनीनं १९८५ साली काढलेला पहिला ऑक्टोपॅड तर असाच मुका होता. आठ रबरी चौकोन, पण स्वतःचा आवाज एकही नाही. अमुक चौकोनावर एवढ्या जोरात काठी पडली, एवढा निरोप तो वायरीतून धाडायचा. वाजायचं काम पलीकडच्या यंत्राचं. पोटात आवाज असलेले ऑक्टोपॅड मागाहून आले. आमच्या घरातला एसपीडी-२० हे १९९८ सालचं मॉडेल, म्हणजे वयानं पुतण्यापेक्षा थोर. त्याच्या पोटात ७०० आवाज आहेत. बेंजो पार्टीतल्या एका पोरानं नवा घेतला, तेव्हा हा जुना आमच्याकडे आला, एका कोपऱ्यावर सिगारेटचा चटका घेऊन. पूर्वी ऑर्केस्ट्रात ढोलकवाला, तबलेवाला, तुंबावाला, खुळखुळेवाला असे चौघं बसायचे. आता एकटा उभा राहतो. उरलेल्या तिघांचं काय झालं, हे पुतण्याला विचारायचं माझ्या मनात येतं आणि राहून जातं.

हे सगळं चालतं कसं, असं आईनं विचारलं, तर पठ्ठ्यानं ओट्यावरचा गॅसचा लायटर आणून तिच्यासमोर खटखट केला. "आजी, ह्यात जे आहे तेच रबराखाली आहे. पिझो. दाब पडला की वीज निघते. तिथं ठिणगी पडते, इथं ढोलक वाजतो." मग जोर कसा मोजतात, १ ते १२७ असे आकडे कसे पडतात, तेही सांगितलं. आईनं आधी लायटर जागेवर ठेवायला लावला. मग हात पदराला पुसून एका चौकोनावर चार थापा दिल्या. स्पीकर चालू होता. चारही थापा तंतोतंत सारख्या. पन्नास वर्षं ज्वारीची भाकरी थापलेला हात तो. पुतण्या काही बोलला नाही. त्याची तिसरी थाप कायम हलकी पडते.

या नाजूक कानाचा त्रासही आहे. मागच्या वैशाखात एका लॉनवरच्या लग्नात बेंजोवाले, आणि त्यांच्यात ऑक्टोपॅड घेऊन पुतण्या, तयारीत उभे होते. मंगलाष्टकं चालू. भटजींनी श्वास घ्यायला थांबायला आणि एका कारट्यानं स्टँडवर रेलायला एकच गाठ पडली. पिझोला काय कळतंय काठी कुठली आणि कोपर कुठलं! खणकन झांज वाजली. झांज वाजली म्हणजे लग्न लागलं, या समजुतीनं अर्ध्या मांडवानं अक्षता टाकल्या. अजून दोन मंगलाष्टकं शिल्लक होती. वधूच्या मामांनी अंतरपाटावरून पुतण्याकडे जे पाहिलं, त्यानंतर पोरगं वाजवायची वेळ येईपर्यंत आवाजाचं बटण शून्यावर ठेवायला शिकलं.

पण ७०० आवाजांत हलगी नाही. सोलापुरात मिरवणूक काढायची आणि हलगी नाही, म्हणजे भाकरी आहे आणि शेंगाचटणी नाही. गणपती जवळ आले तसा तो हट्टाला पेटला. कुठल्याशा परदेशी वाद्याचा सूर चढवला, घुमारा छाटला, शेजारच्या चौकोनात बारीक काडीचा कडकडाट बसवला. आठ रात्री नुसती टपटप. नवव्या दिवशी गल्लीतल्या हलगीवाल्या मामांना घेऊन आला. मामांची हलगी मी लहानपणापासून ऐकतोय. मिरवणूक निघण्याआधी चौकात कागद-चिपाडं पेटवायचे, चामडं शेकायचे, बोटानं टिचकी मारून बघायचे, पुन्हा शेकायचे. आम्ही पोरं ते बघायलाच आधी जाऊन बसायचो. वाजायला लागायच्या आधीच्या त्या वाट बघण्याला सोलापुरात दुसरी तोड नाही, असं माझं मत आहे.

रात्र झाली होती, म्हणून हेडफोनच दिला. तो टोपीवरून नीट बसेना. शेवटी मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पुतण्यानं काठ्या उचलल्या. टप-टप, टपटपटप. मामा डोळे मिटून ऐकत होते. मग कानात आवाज असलेला माणूस बोलतो तसे, अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"तापली न्हाई अजून!"

आई खालून म्हणाली, "काय रे, काय करपलं?"

पुतण्यानं हसत सूर दोन घरं वर नेला. मामांनी टिचकी मारून पाहिली, रबरावर. पुन्हा बोटानंच वर अशी खूण केली. आणखी एक घर. पुन्हा टिचकी. मग त्यांनी मान हलवली आणि हात पुढे केला. पुतण्यानं काठ्या त्यांच्याकडे दिल्या.

टप टप टप, टपाटप. आम्हाला एवढंच ऐकू येत होतं. मामांचे खांदे मात्र मिरवणुकीत होते.