बुलेटची वही: पुन्हा २० डब्ल्यू-५०

मे महिन्यात वेंगुर्ल्याहून आंबोली चढताना टॅपेटचा (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज वाढला, तिथून ही नोंद सुरू होते. गाडी बुलेट ३५०, जुन्या कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या इंजिनाची. आत इंजिन ऑइल होतं १० डब्ल्यू-३० ग्रेडचं. पातळ तेलावर गाडी हलकी पळते असं ऐकून मीच भरलेलं. किनाऱ्यावर सकाळची खरंच हलकी वाटायची. पण दाणोली सोडून घाट लागला, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आली, इंजिनाला वारा लागेना, आणि खडखड सुरू झाली. सावंतवाडीच्या मेस्त्रींनी कान लावला. "ह्या गाडयेक ता तेल पातळ पडता."

मग तेलाच्या ग्रेडचे आकडे नीट वाचून काढले. डब्ल्यू म्हणजे विंटर. १० डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, २० डब्ल्यूची उणे १५ ला. आपली जानेवारीतली पहाट त्याच्या आसपासही जात नाही. लेहच्या हिवाळ्यात गाडी चालवणाऱ्याने पहिला आकडा आधी बघावा, आपण दुसरा. तो १०० अंशांना तेल किती दाट राहतं ते सांगतो: ३० असेल तर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणा मोजायचं एकक), ५० असेल तर १६.३ ते २१.९. घाटात माझं नेमकं इथेच चुकत होतं.

२० डब्ल्यू-५० भरून तोच घाट पुन्हा चढलो. आवाज शेवटपर्यंत एकसारखा. सकाळी किक किंचित जड लागते, तेवढं चालेल. स्प्लेंडरवाल्यांनी मात्र हे बघून दाट तेल भरू नका, त्या इंजिनाला १० डब्ल्यू-३०च. शिवाय त्यात क्लच त्याच तेलात भिजतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (तेलात भिजणाऱ्या क्लचसाठीचं मानक) हवंच.

जुलैत तेलाचं झाकण उघडलं तर आत दुधाळ साय. पोटात गोळा आला. पण कारण साधं होतं: पावसात गाडी फक्त बाजारापर्यंत जायची, इंजिन पुरतं तापायचं नाही आणि दमट हवेतलं पाणी आत साचायचं. यावर कुठल्याच ग्रेडचा इलाज नाही. तेव्हापासून दर रविवारी कुडाळपर्यंत जाऊन येतो.

गणपती झाल्यावर किलोमीटर न बघता तेल बदललं. खाली आलेलं तेल साधं काळं होतं, दुधाचा मागमूस नाही.