आधी भुकटी बघा: पडवीतल्या सुतारकामाचा माझा अनुभव

कोकणात घरच्या घरी लाकूडकाम करायचं तर हत्यारांइतकीच किड्यांचीही ओळख ठेवावी लागते. आमचं घर कुडाळच्या बाजूला, जांभ्याचं. मागच्या पडवीत माझं कामाचं बाकडं, दोन रंधे, पटाश्या, एक ड्रिल मशीन आणि वाळत ठेवलेल्या फळ्या. मोठी कामं मी घेत नाही. विळीचा पाट बदलायचा, कळशा ठेवायला घडवंची करायची, माणगा बांबूचं स्टूल, पुस्तकांचं शेल्फ, अशी घरगुती कामं. लाकडाला कीड लागली की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, औषध आणा आणि फवारा. माझं मत वेगळं आहे. कोण खातंय हे कळल्याशिवाय औषधाच्या बाटलीला हात लावू नये. ते कसं कळतं आणि पुढे काय करायचं, हे मला एका चौरंगाने शिकवलं.

गणपतीसाठी केलेला हा चौरंग. वरची फळी फणसाची, पाय आणि खालच्या पट्ट्या आंब्याच्या. आंबा आमच्याच परसातला, वादळात आडवा झालेला. गिरणीत कापून आणून फळ्या पडवीत थप्पी लावून वाळवल्या होत्या. उन्हाळ्यात चौरंग माळ्यावरून खाली घेतला तेव्हा चारही पायांखाली फिकट भुकटीचे छोटे ढीग पडलेले दिसले. पायांवर बारीक गोल भोकं होती, एक-दीड मिलिमीटरची, अगदी टोकदार गिरमिटाने पाडावीत तशी स्वच्छ कडांची. फणसाच्या फळीला मात्र एका कडेची बोटभर पट्टी सोडली तर कुठे काही नव्हतं.

ती भुकटी मी चिमटीत घेऊन चोळून पाहिली. मैद्यासारखी मऊ, दाणा अजिबात लागेना. ही खूण फार महत्त्वाची. भुकटी रव्यासारखी हाताला टोचली आणि भिंगातून एकेक दाणा सहा कडांचा दिसला, तर ती सुक्या लाकडात राहणाऱ्या वाळवीची विष्ठा असते. जमिनीतली वाळवी भुकटी पाडतच नाही, ती मातीचे बोगदे करत येते. मैद्यासारखी भुकटी पाडतो तो लिक्टस नावाचा छोटा तपकिरी भुंगेरा. तिघांवर सरसकट एकच उपाय चालत नाही.

या भुंगेऱ्याची मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते. लाकूड खाते ती अळी, आणि तिला हवा असतो लाकडातला स्टार्च. म्हणून ती आतून पोखरत राहते, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. पूर्ण वाढ झालेला भुंगेरा बाहेर पडतो तेव्हा ते भोक पडतं. म्हणजे आपल्याला भोक दिसतं तोवर आतलं बरंचसं जेवण उरकलेलं असतं. पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर मादीला अंडी घालता येत नाहीत, पण पॉलिशच्या आधीच आत गेलेली अळी पॉलिश फोडून बाहेर येते. माझ्या आंब्याच्या फळ्या थप्पीत वाळत असतानाच ही लागण झाली असणार. शिवाय पायांच्या तळाला सहसा कोणी पॉलिश लावत नाही, आणि तिथेच लाकडाची छिद्रं सर्वांत उघडी असतात.

गावातल्या एका जुन्या सुतारकाकांना चौरंग दाखवला. त्यांनी पाय हातात घेतला, फळीच्या कडेवर नख ओढलं आणि म्हणाले, "भुंगो धव्यात शिरता, पिवळ्यात शिरणा नाय." फणसाचा पिवळा गाभा टिकतो, सालीलगतचा पांढरा भाग टिकत नाही. सागाचंही तसंच. लोक सागवान म्हणून निर्धास्त पैसे मोजतात आणि फळीला दोन बोटं पांढरी पट्टी असते, ती वर्षा-दोन वर्षांत खाल्ली जाते. आंब्याला असा वेगळा टिकाऊ गाभाच नाही, तो सगळाच भुंगेऱ्याच्या तावडीतला. म्हणून आंबा वापरूच नये असं मी म्हणणार नाही. परसातलं झाड पडलं तर त्याचं काहीतरी व्हायलाच हवं, आणि रंध्याखाली आंबा सुरेख निघतो. फक्त त्याची काळजी ओला असतानाच घ्यावी लागते.

आता प्रश्न होता की आत अजून जिवंत अळ्या आहेत की नाहीत. हे भुकटीवरून लगेच ठरत नाही, कारण जुन्या बोगद्यांतली भुकटी नुसता चौरंग हलवला तरी सांडते. मी सगळी भुकटी ब्रशने झाडली, प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि चौरंग काळ्या कागदावर ठेवून घरात सगळ्यांना बजावलं की याला कोणी हात लावायचा नाही. काही दिवसांनी दोन पायांखाली कागदावर पांढुरके ठिपके उमटले, आणि एका पायावर पेन्सिलीच्या गोलाबाहेर नवं भोक दिसलं. म्हणजे वस्ती चालू होती.

दरम्यान कीड नियंत्रणाचं काम करणारे एकजण येऊन गेले. त्यांनी सगळ्या पडवीत फवारणीचा दर सांगितला. अळी लाकडाच्या आत, औषध बाहेरच्या पॉलिशवर, ते आत पोचणार कसं, असं विचारल्यावर भोकांत सिरिंजने औषध भरू म्हणाले. पण ते बोगदे भुकटीने भरलेले असतात, औषध फार आत जात नाही. आणि ज्या चौरंगावर प्रसादाचं ताट राहणार त्यात मला ते विष नको होतं.

मी उष्णतेचा मार्ग धरला. निर्यातीच्या लाकडी खोक्यांना जो शिक्का असतो, त्यातल्या उष्णता प्रक्रियेचा नियम असा आहे की लाकडाच्या अगदी गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे. त्यात लाकडातले बहुतेक किडे, कुठल्याही अवस्थेतले असोत, मरतात. आमच्याकडे मे महिन्याचं ऊन फुकट आहे. फळ्यांचं एक उथळ खोकं केलं, आतून पत्रा बसवून काळा रंग दिला, वर जुन्या खिडकीची काच ठेवली आणि फटी सुतळी भरून बंद केल्या. चौरंगाचे पाय कुसवांतून सोडवले, पॉलिश घासून काढलं आणि पाय खोक्यात मांडले. सोबत त्याच जाडीचा आंब्याचा एक तुकडा ठेवला. त्याला मध्यापर्यंत भोक पाडून त्यात स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर खुपसला होता. हा तुकडा ठेवल्याशिवाय ही खटपट करू नये. खोक्यातली हवा ६० च्या पुढे कधीच गेली होती, पण लाकडाचा गाभा बराच वेळ चाळिशीतच रेंगाळत होता. दुपार चढल्यावर काटा ५६ ओलांडून वर गेला, आणि ऊन उतरेपर्यंत मी पाय तसेच राहू दिले. काच लगेच काढली नाही. लाकूड झटकन गार झालं तर चिरतं.

उष्णता आतलं मारते, पण पुढचं संरक्षण देत नाही. म्हणून पायांना बोरॅक्स (टाकणखार) आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी दिलं. वजनाने एक भाग बोरिक अ‍ॅसिड, दीड भाग बोरॅक्स, आणि कोमट पाण्यात दोन्ही मिळून साधारण ५ टक्के. दोन्ही एकत्र असली की एकेकट्यापेक्षा छान विरघळतात. हातमोजे घालून ब्रशने भरपूर लावलं, तळाला सगळ्यात जास्त, आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा लाखेचं पॉलिश चढवलं, या वेळी तळालाही. फणसाच्या फळीची पांढरी कड करवतीने उतरवली. चौरंग थोडा अरुंद झाला, दिसायला काही कमी झाला नाही. हे बोरॅक्सचं पाणी फक्त घरात, कोरड्यात राहणाऱ्या वस्तूंना. पावसात ते धुऊन जातं. आणि पोळपाट, लाटणं, विळीचा पाट यांना मी ते कधीच लावत नाही, कारण ते पोटात जायला नको. त्या वस्तू फणसाच्या निव्वळ पिवळ्या लाकडाच्या कराव्यात, औषधाची गरजच उरत नाही.

वाळलेल्या लाकडात बोरॅक्स वरवरच मुरतं, ओल्या लाकडात मात्र ओलाव्याबरोबर आतपर्यंत पसरतं. त्यामुळे आता आंब्याच्या फळ्या गिरणीतून आल्या की त्याच दिवशी या पाण्यात बुडवून काढतो, एकावर एक रचून प्लास्टिकने गुंडाळतो आणि काही आठवडे तसंच ठेवतो. मगच पट्ट्या घालून हवेशीर थप्पी.

बांबूची गोष्ट याच भावंडांतली. माणगा भरीव आणि सरळ, स्टुलाला त्याच्यासारखा बांबू नाही. पण त्यातही स्टार्च असतो आणि डिनोडेरस नावाचा भुंगेरा त्याचा भुगा करतो. तो तोडलेल्या तोंडातून आणि सोललेल्या जागेतून शिरतो. जुनी माणसं बांबू तोडून ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवत. त्याला शास्त्रीय आधार आहे, वाहत्या पाण्यात स्टार्च निघून जातो. मीही तेच करतो. बाहेर काढल्यावर आंबूस, शेवाळी वास येतो आणि हात धुतले तरी तो जात नाही, पण सावलीत वाळला की वास उडतो. बांबू कोवळा घेऊ नये, तीन वर्षांच्या पुढचा घ्यावा.

वाळवीबद्दल थोडक्यात. पडवीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेल्या भुशाच्या पोत्यामागे जांभ्याच्या सांध्यातून मातीचा बोगदा वर चढला होता. बोगदा मोडून ठेवला, दुसऱ्या दिवशी डागडुजी झालेली दिसली, म्हणजे येजा सुरू होती. इथे घरगुती उपाय पुरत नाहीत. वाळवीचं घर जमिनीत असतं, त्यामुळे भिंतीच्या पायथ्याशी भोकं पाडून जमिनीतच औषध द्यावं लागतं, आणि ते जाणकाराकडूनच करून घेतलं, विहिरीपासूनचं अंतर बघून. बाकी सगळी व्यवस्था माझी. लाकूड लोखंडी अँगलवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि भुसा पडवीत साठवायचा नाही. पूर्वी तुळयांना काजूच्या टरफलाचं तेल लावत, तेही चांगलं, पण कातडीवर पडलं तर फोड येतात आणि लाकूड काळं पडतं.

कुंभारीण माशीला मात्र मी हुसकावत नाही. शेल्फाच्या खुंट्यांसाठी पाडलेली भोकं ती चिखलाने बुजवते आणि आत पिल्लांसाठी सुरवंट कोंबते. काम अर्धवट राहणार असेल तर भोकांवर मास्किंग टेप लावायची, ड्रिलच्या झरोक्यावर फडकं बांधायचं, एवढं पुरतं. पडवीच्या वाशाला बोटाएवढं भोक पाडणारा मोठा काळा भुंगाही परागीभवन करणारा. त्याच्यासाठी कुंपणापाशी सुक्या बांबूचे तुकडे बांधून ठेवले आहेत, आणि तिथे त्याने घर केलंय.

चौरंग सध्या पुन्हा काळ्या कागदावर आहे, जुन्या भोकांत मेण भरून. अजून नवा ठिपका पडलेला नाही. तरी पुढचा पूर्ण उन्हाळा तो तसाच नजरेसमोर ठेवणार आहे, कारण अळीची वाढ काही महिन्यांपासून वर्षभर किंवा त्याहूनही जास्त लांबू शकते.