तुम्ही विचारलंत म्हणून: पॉझिट्रॉन नेमके कुठले?

अवकाशातून पृथ्वीकडे पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे धनभारित जुळे, अपेक्षेपेक्षा जास्त येतात. ते कुठून येतात, हा वाद: न दिसणाऱ्या डार्क मॅटरपासून, की पल्सरपासून, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या गरगरत्या गाभ्यांपासून? "काय हो, ते जास्तीचे पॉझिट्रॉन शेवटी डार्क मॅटरचे निघाले की पल्सरचे?" लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गणपतीत, कुठेही. मी "त्याचं असं आहे..." म्हणेपर्यंत समोरचा ठरवून मोकळा: "म्हणजे अजून माहीत नाही!"

नाही माहीत. पण २०१८च्या जानेवारीत मला माहीत होतं.

आदल्या नोव्हेंबरात 'हॉक' या गॅमा किरण वेधशाळेचा शोधनिबंध आला होता. मेक्सिकोतल्या सिएरा नेग्रावर ४१०० मीटर उंचीवर पाण्याच्या ३०० टाक्या. त्यांनी जेमिंगा या पल्सरभोवती गॅमा किरणांचं खळं टिपलं. चंद्राला पडतं तसं, पण चंद्रबिंबाच्या कितीतरी पट रुंद. खळ्याच्या पसाऱ्यावरून कळलं, की तिथे कण आकाशगंगेतल्या सरासरीच्या सुमारे शंभरपट संथ पसरतात. जेमिंगा ८०० प्रकाशवर्षांवर. एवढ्या संथपणे निघालेले पॉझिट्रॉन वाटेतच ऊर्जा गमावून बसणार. आमच्या गावच्या वाचनालयात व्याख्यान देताना मी ठणकावून सांगितलं: जेमिंगा बाद.

मागच्या रांगेतून पाटबंधारे खात्यातले एक निवृत्त इंजिनियर उठले. "पाझर तुम्ही विहिरीच्या काठाला मोजलात. तिथे चिकणमाती लागली म्हणून अख्ख्या शिवारात चिकणच धरलीत? पुढे मुरूम असला तर?"

मी म्हणालो, "काका, आकाशात माती नसते."

लोक हसले. मीही हसलो. काकांनी चष्मा काढून डबीत ठेवला, डबीचं झाकण दोनदा दाबलं, आणि आभारप्रदर्शनाआधी निघून गेले.

त्याच वर्षी नेमकं तेच गणित छापून आलं: खळ्यात संथ, बाहेर मोकळं. तसं धरलं की जेमिंगाचे पॉझिट्रॉन पृथ्वीपर्यंत पोहोचतात.

आता माझी बाजू. मी खोटं बोललो नव्हतो. कणांचं पसरणं सगळीकडे सारखं असेल तर जेमिंगा खरंच बाद होतो. फक्त तो 'असेल तर' मी गिळला. वेळ कमी होता, असं मी स्वतःला सांगत आलोय. वेळ होता. टाळ्या हव्या होत्या.

म्हणून काका जिंकले असंही नाही. २०१९ मध्ये फर्मी दुर्बिणीच्या नोंदींत कमी ऊर्जेलाही जेमिंगाचं खळं दिसलं, आणि त्या हिशोबात त्याचा वाटा फार तर २० टक्के निघाला. उरलेले पॉझिट्रॉन दुसऱ्या पल्सरांचे? असतील. पण खळं प्रत्येक पल्सरला पडतं का, आणि आतली माती एवढी चिकण झाली कशाने, यावर अजून भांडणं चालू आहेत. डार्क मॅटरलाही मी बाद म्हणत नाही. त्या शब्दाची आता भीती वाटते.

काकांना पत्र लिहायला दोनदा बसलो. पुढे मुरूम नेमका कुठे लागतो, या ओळीशी दोन्ही वेळा अडलो.