तुम्ही विचारलंत म्हणून : अफगाण चर्चमध्ये आपली नावे का नाहीत?

कुलाब्याचे अफगाण चर्च दाखवायला मी कुणालाही नेले की परतताना एक प्रश्न ठरलेला असतो. ‘भिंतीवर एवढी नावे आहेत, पण त्यांत आपल्या शिपायांपैकी एकाचेही नाव कसे नाही?’ विचारणाऱ्याच्या स्वरात बहुतेक वेळा थोडा राग असतो आणि तो अनाठायी नाही. तरीही ‘इंग्रजच ते, आपली नावे कशाला कोरतील?’ एवढे म्हणून मला मोकळे होता येत नाही, कारण खुद्द त्या भिंतीने याचे उत्तर लिहून ठेवले आहे आणि ते जरा वेगळे आहे.

चर्चचे खरे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. १८४७ च्या डिसेंबरात त्याची पायाभरणी झाली आणि ७ जानेवारी १८५८ रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. आराखडा हेन्री कॉनीबिअर यांचा, म्हणजे ज्यांनी मुंबईला विहार तलावाचे पाणी आणून दिले त्याच इंजिनिअरचा. मनोरा पुरा व्हायला १८६५ साल उजाडले आणि त्यासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी साडेसात हजार रुपये दिले. पारशाच्या देणगीने ख्रिस्ती देवळाचा कळस चढावा, हे मुंबईच्या रीतीला धरूनच झाले म्हणायचे.

आत वेदीच्या बाजूला जो स्मृतिलेख आहे, त्याचा आशय असा : ज्यांची नावे वरच्या भिंतींवर लिहिली आहेत ते अधिकारी, तसेच ज्यांची अशी नोंद करता येऊ नये इतकी ज्यांची संख्या मोठी आहे ते हवालदार-नाईक आणि साधे शिपाई, जे १८३८ ते १८४३ या काळात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत कर्तव्याचे भान ठेवून आजाराने किंवा तलवारीने पडले, त्या सर्वांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधले आहे. मी हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा ‘संख्या मोठी आहे’ या शब्दांपाशी अडलो. ज्यांच्यातले जास्त मेले त्यांचीच नावे गाळावी लागली, असे तो लेख काहीही न लपवता सांगतो. आणि त्यात गोऱ्या सोजिराचेही नाव नाही. भिंतीवरची पहिली रेघ हुद्द्याची आहे. आपला शिपाई त्या रेघेच्या खाली होताच, पण तिथे तो एकटा नव्हता.

मुंबईच्या सैन्यातले हे शिपाई मोठ्या संख्येने कोकणातले आणि देशावरचे होते. १८४० साली बलुचिस्तानातल्या काहानच्या किल्ल्यात मुंबईच्या ५ व्या नेटिव्ह इन्फंट्रीची एक तुकडी काही महिने वेढ्यात अडकली होती आणि तिच्या सुटकेसाठी निघालेल्या फौजेतली कितीतरी माणसे नफुस्कच्या खिंडीत ऑगस्टच्या उन्हात पाण्यावाचून मेली. आजार की तलवार, यांतल्या कोणत्या शब्दाखाली त्यांना बसवायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्या काळची रीतही लक्षात घ्यायला हवी. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये संगमरवराची देखणी स्मारके आहेत, पण ती बहुतांशी एकेका मोठ्या माणसाची आहेत आणि ती उभी करायला मागे नातलग, मित्र किंवा सरकार असावे लागे. शिपायाच्या घरच्यांनी लंडनच्या शिल्पकाराकडून संगमरवर घडवून घ्यावा, हे होणे नव्हते.

ही रेघ १९१४ च्या महायुद्धाने पुसली, निदान इंग्लंडात तरी. मेलेल्या सैनिकांचे देह मायदेशी आणायचे नाहीत असे ब्रिटिश सरकारने ठरवले, त्यामुळे घरच्यांना कबरीऐवजी गावातल्या चर्चमधली पाटीच काय ती उरली. म्हणूनच तिथल्या लहान लहान गावांच्या चर्चमध्येही नावांची पाटी भेटते आणि तिच्यावर पुष्कळदा हुद्दा न लिहिता, वर्णक्रमाने, जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्याच तबेल्यात राबणारा पोरगा एकाखाली एक आलेले असतात. ती माणसे त्याच चर्चमध्ये प्रार्थनेला येत असत, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. पाटी वाचणाऱ्यांना नावामागचे घर माहीत होते. अफगाण चर्चच्या भिंतीवरचे अधिकारी मात्र या चर्चमध्ये कधी बसलेच नाहीत. ते गेल्यानंतर हे चर्च बांधले गेले.

आपल्या वाट्याला ही सुधारणा अर्धीच आली. मसजिद बंदरच्या खलाशीगृहातल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे आहेत. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथेही हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. पण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठा पलटणींतली असंख्य माणसे पडली, तिथल्या बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची आणि गोऱ्या शिपायांची नावे आणि हिंदी शिपायांचा नुसता आकडा आहे. म्हणजे ‘संख्या मोठी आहे’ हे कुलाब्याचे कारण तिथे पाऊणशे वर्षांनी पुन्हा वापरले गेले, फक्त या वेळी गोरा शिपाई रेघेच्या वर गेलेला होता. विचारणाऱ्याचा राग खरा लागू पडतो तो या ठिकाणी, असे मला वाटते.

माझी आजी पितृपक्षात दोन पाने जास्तीची वाढायला लावी. एक चतुर्दशीला, शस्त्राने गेलेल्यांसाठी. दुसरे सर्वपित्री अमावस्येला, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी. तिच्या माहेरचा कुणी एक जण ‘बसऱ्याला गेला तो गेलाच’, एवढेच तिला ठाऊक होते. तो कशाने गेला हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्याच्यासाठी ती दोन्ही दिवशी पान वाढे. श्राद्धात नाव घ्यावे लागते. ते तिला माहीत होते आणि ती ते स्पष्ट उच्चारी.

हल्ली मी पाहुण्यांना आधी वरची नावे दाखवत नाही. खालचा लेख वाचून दाखवतो आणि थांबतो. बहुतेक जण मान वर करून भिंतीवर कोरायला जागा किती उरली आहे ते पाहतात. जागा पुष्कळ आहे.