बेळगावचं कुस्ती मैदान: निपाणीहून जाऊन आलो, जाणाऱ्यांनी वाचा

आनंदवाडीच्या आखाड्यात मोठं मैदान लागलंय म्हटल्यावर निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगड सगळीकडची पोरं बेळगावची वाट धरतात, तसं आम्हीपण निघालो. पहिलं सांगतो, चारचाकी नेऊ नका. नेलीच तर गोवावेसच्या अलीकडंच कुठंतरी लावा. रिक्षावाले मामा सरळ म्हणाले, "तिकडं आज रिक्षा जातीय कुठं वो, इथंच उतरा नि चालत जावा."

चालत गेलो ते बरंच झालं, निम्मी मजा गल्लीतच हाय. शहापूर-वडगाव म्हणजे विणकरांचा भाग, एरवी मागांचा खडखडाट असतोय, त्या दुपारी मात्र बरेच माग बंद नि नुसती हलगी. गच्चीवरची धुणी काढून पाव्हण्यांना जागा केलेली. एका जोत्यावर आजी घागर नि तांब्या घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत बसलेल्या आणि शेजारच्या बोळात त्यांचाच नातू दुचाकी लावायचे वीस रुपये घेतोय! पाणी फुकट, पार्किंगला पैसे, हिशोब एकदम चोख.

क्रिकेटचं असं होत नाही. २०१९ च्या जूनमध्ये इथल्याच ऑटोनगरच्या स्टेडियमवर भारत अ आणि श्रीलंका अ ची क्रिकेट मॅच झाली, ऋतुराज गायकवाडनं नाबाद १८७ मारले, पण बाजारातल्या गणपत गल्लीत त्या दिवशी भाजीचा गाडासुद्धा जागचा हलला नसेल. स्टेडियम गावाच्या कडेला, तिथं पोलीस नि पास. आखाडा लोकांच्या दारात, त्यामुळं मैदान भरलं की सगळा भागच यजमान होतो, ज्याला कुस्तीचं काही नाही त्यालाही सुट्टी नाही. दवाखान्याला जाणाऱ्यांचे हाल होतात हेही खरं, एक वाट तरी मोकळी ठेवायला पाहिजे असं माझं मत.

खडेबाजारातली खरेदी, कुंदा वगैरे सकाळीच उरका. जेवण पण लवकर, उशिरा गेलात तर खानावळीत मटण संपलेलं असतंय, नुसता रस्सा-भात मिळाला तरी नशीब. अंगावर पांढरं घालू नका, लाल माती उडते. पत्रकावर एक नंबरची कुस्ती सहाला असली तरी आठ धरून चाला, आधी पाहुण्यांचे सत्कार आणि फेटे असतात, ते काय संपत नाहीत लवकर. पण लहान पोरांच्या नि मुलींच्या कुस्त्या चुकवू नका, मोठे पैलवान नुसती खडाखडी, म्हणजे हातात हात अडकवून ढकलाढकली करत बसतात, खरे डाव या पोरांकडंच बघायला मिळतात.

परतीची शेवटची बस किती वाजता हे उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा. मुक्काम करणार असाल तर लॉज आधी बघा, डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असलं तर खोली मिळणं अवघडच. आणि बायकांना कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये २०२३ पासून तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण आधारवर पत्ता कर्नाटकातला लागतो, त्यामुळं चंदगड-कोल्हापूरकडच्या वहिनींनी सुट्टे पैसे जवळ ठेवा.