गणपतीच्या आधीची सफाई: पाणी कमी, वाळवण जास्त

घाटावर मोठी सफाई दिवाळीला होते, बाहेर खडखडीत ऊन असतं. कोकणात ती गणपतीच्या आधी, म्हणजे पंख्याखाली टाकलेला पंचाही दुसऱ्या दिवशी ओलसर लागतो त्या दिवसांत. त्यामुळे ‘बादलीभर पाण्यात व्हिनेगर घाला आणि घर पुसून काढा’ हा सल्ला इथे उलटतो. बुरशीला थोडी धूळ, साबणाचा राप आणि हवेत साधारण ७० टक्क्यांच्या वर दमटपणा मिळाला की पुरतं. ओलं फडकं फिरवून तसंच सोडलं की आपण तिला पाणीच पाजतो.

म्हणून दिवस निवडायचा. श्रावणात उघडीप मिळते, त्यातली अकरा ते तीन ही वेळ. एका दिवशी एकच खोली घ्या आणि पुसण्याला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट पंखा चालू ठेवा. फरशीला घाम फुटलेला असेल तर मात्र खिडक्या बंद करा. ते पाणी जमिनीतून वर आलेलं असेलच असं नाही. बाहेरची गरम दमट हवा थंड फरशीला टेकून पाणी होते. अशा वेळी खिडक्या उघड्या ठेवून पुसत बसलात तर संध्याकाळपर्यंत पुसत राहाल.

भिंतीवरच्या किंवा कपाटामागच्या बुरशीला कोरडा झाडू लावू नका. बीजाणू उडतात आणि आठवडाभरात दुसऱ्या भिंतीवर उगवतात. साधं पांढरं व्हिनेगर (बाटलीवर ४ ते ५ टक्के आम्ल लिहिलेलं असतं) पाणी न घालता फवाऱ्याने मारा, तासभर थांबा, मग फडक्याची घडी बदलत टिपून घ्या. फडकं लगेच उकळत्या पाण्यात, धुण्याच्या सोड्याबरोबर. काळा डाग राहिला तरी बुरशी जिवंत आहे असं नाही, तो रंग मुरलेला असतो. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा मिसळायची पद्धत सगळीकडे दाखवतात. फेस छान येतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात आणि हातात जवळजवळ खारट पाणीच उरतं. वापरायचे तर वेगवेगळे वापरा.

कडप्पा, शहाबादी, संगमरवर, मोझॅक आणि चुन्याचा गिलावा यांना व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. हे सगळे कमी-अधिक चुन्याचेच, आम्लाने चकाकी जाते आणि खरखरीत झालेल्या जागी मळ आणखी धरतो. तिथे रिठा. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढा, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी पंधरा मिनिटं उकळून गाळा. अर्ध्या बादलीला अर्धी वाटी पुरे. जास्त घातलं तर फरशी चिकट होते आणि परत साध्या पाण्याने पुसावी लागते, म्हणजे परत ओल. पावसाळ्यात हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, तेव्हा लागेल तेवढंच करा. डोळ्यात जाऊ देऊ नका, भयंकर चुरचुरतं.

जांभ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ हे वेगळंच प्रकरण. ब्लीचिंग पावडर शिंपडली की काम झटपट होतं खरं, पण जांभा सच्छिद्र असतो आणि विहीर बहुधा त्याच परसात असते. पाच लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजू द्यायचं आणि नारळाच्या सोडणाने घासायचं. हातमोजे घाला, सोड्याने कातडी सोलते. आणि संडासात ब्लीचिंग टाकल्यावर अ‍ॅसिड ओतणं कधीच नको, क्लोरीन वायू सुटतो. शोषखड्ड्याच्या टाकीतले जिवाणूही यात मरतात.

कपाटात वाटीभर मीठ ठेवतात. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की मगच पाणी ओढू लागतं, तोवर बुरशीने बस्तान मांडलेलं असतं. कळीचा चुना बरा. तो आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी घेतो. घेताना फुगतो, म्हणून डबा अर्धाच भरा, झाकणाला भोकं पाडा आणि लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा. थेट पाणी पडलं तर चुना उकळतो. डब्यातला चुना भुगा झाला की त्याचं काम संपलं, पण टाकू नका, मे महिन्यात भिंतीला मारायच्या चुन्यात चालतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं नसेल तर चुनाही काही करू शकत नाही.

भिंतींचा विषय निघालाच आहे तर: ओल धरणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला प्लास्टिक रंग देणं म्हणजे तिला रेनकोट घालून आत भिजवणं. पोपडे येतातच.

राहिली पूजेची भांडी. सोलकढीची पिळून उरलेली आमसुलं फेकू नका. त्यांवर चिमूट मीठ घालून तांब्याचा तांब्या घासा, काळा थर बोटांखाली विरघळत जातो आणि गुलाबीसर तांबं वर येतं. नेमकं इथेच लोक चुकतात. भांडं विसळून पालथं घालून निघून जातात, कडेच्या दुमडीत मीठ आणि पाणी राहतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे हिरवी रेघ. विसळल्यावर चुलीतली चाळलेली राख ओल्या बोटांनी फिरवा, तिच्यातला क्षार उरलेलं आम्ल मारतो. परत धुवा, कोरड्या सुती फडक्याने पुसा, दुमडीत फडक्याचं टोक घाला आणि दहा मिनिटं पंख्याखाली ठेवून मगच देव्हाऱ्यात न्या.