झाडाचं की कारखान्यातलं?

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये सॅम्पल येतात ती मुख्यतः हळद आणि बेदाण्याची. त्यामुळे तालमीचे वस्ताद प्री-वर्कआऊट (व्यायामाआधी घ्यायच्या) पावडरचा डबा घेऊन आले, तेव्हा रिसेप्शनवरचा पोरगा त्यांना परत पाठवायच्याच बेतात होता. त्यांचा पठ्ठ्या सतरा वर्षांचा. पावडर घेतली की छाती धडधडते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. डब्यावर हिरवं पान आणि '१०० टक्के नैसर्गिक'. मागे बारीक अक्षरांत: दहा ग्रॅमच्या स्कूपमध्ये ग्वारानाच्या (ब्राझीलकडच्या एका वेलीच्या) बियांची पूड ५०० मिलिग्रॅम. कॅफीनचा आकडा कुठेच नाही.

"मॅडम, एवढंच सांगा, हे झाडाचं हाय का कारखान्यातलं?"

नेमकं तेच आमचं एचपीएलसी, म्हणजे सॅम्पलमधले घटक वेगळे करून मोजणारं मशीन, सांगत नाही. बियांतलं असो की युरियापासून बनवलेलं, कॅफीनचा रेणू एकच. कॉलममधून, म्हणजे मशीनमधल्या नळीतून, बाहेरही एकाच वेळी पडतो. २७३ नॅनोमीटरला आलेखावर कॅफीनचा सुळका आला तो आम्ही मोजायला ठरवलेल्या मर्यादेच्याही वर! सॅम्पल पातळ करून पुन्हा चालवलं. स्कूपमागे साधारण २८० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसालाही एका वेळी २०० पर्यंतच ठीक मानतात.

आता हिशेब बघा. ग्वारानाच्या बियांत कॅफीन असतं २ ते ५ टक्के. म्हणजे ५०० मिलिग्रॅम पुडीतून जास्तीत जास्त २५. उरलेलं आलं कुठून? बियांबरोबर त्यांच्यातली इतर रसायनंही यायला हवीत: कॅटेचिन, थोडं थिओब्रोमीन. इथे आलेखाची तळरेघ जवळपास सपाट, मधोमध एकच सुळका. शुद्ध कॅफीन वरून ओतलंय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण डीकॅफ (कॅफीन काढलेली) कॉफी बनवताना निघणारं शुद्ध कॅफीनही बाजारात विकलं जातं, आणि ते झाडाचंच! कार्बनच्या आयसोटोपवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, फरक ओळखता येतो, पण ते मशीन आमच्याकडे नाही.

रिपोर्टमध्ये हिशेबाची एक ओळ घालू का, असं साहेबांना विचारलं. "पार्टीनं टेस्ट सांगितली तेवढंच लिहा." आमच्या धंद्यात शहाणपण याला म्हणतात. मी वस्तादांना तोंडीच सांगितलं: आकडा बघा, पोराचं बंद करा.

"म्हंजे झाडाचं असतं तर चाललं असतं?"

नसतंच चाललं. २८० म्हणजे २८०, कुठून का येईना. त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

परवा फोन आला. दुकानदारानं डबा बदलून दिलाय, ग्रीन कॉफीचा, 'प्युअर हर्बल'. कॅफीन किती लिहिलंय ते वाचायला सांगितलं. बराच वेळ डबा फिरवल्याचा आवाज येत राहिला.

"तसलं काय न्हाय लिवलेलं, मॅडम."